आज काय आलंय? मालवण ते निवती, पाण्याकाठची जेवणं

गुरुवार : कुडाळहून मालवण

मालवणला मासे खायला जायचं तर संक्रांत उलटल्यावर जावं. नाताळची झुंबड ओसरलेली असते, खोल्या रास्त भावात मिळतात आणि खानावळवाल्यांना गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायला सवड असते. ही सवड मी सगळ्यात वर ठेवीन. समुद्राकाठचं जेवण कसं होणार, हे त्या दोन शब्दांतच ठरतं.

आम्ही दोघीच निघालो होतो, सासूबाई आणि मी. आईंचं माहेर मालवण तालुक्यातलं, लग्नानंतर त्या ठाण्याला आल्या. मी साताऱ्याची. आमच्याकडे मासा म्हणजे कृष्णेतला, नाहीतर आठवडी बाजारातलं सुकट आणि बोंबील. समुद्राचा मासा मी आईंच्या हातचा खाऊनच शिकले. ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या पकडली, सकाळी कुडाळला उतरलो आणि रिक्षा केली. नेरूरपारच्या पुलावर कर्ली नदी ओलांडली, धामापूरचा तलाव मागे पडला आणि चौके आलं तेव्हा आई खिडकीकडची बाजू सोडायला तयार नव्हत्या.

खोली चिवल्याच्या किनाऱ्याजवळ घेतली. दुपारभर झोप काढली आणि संध्याकाळी बंदरावर गेलो. जेटीवर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या शेवटच्या होड्या परतत होत्या. त्याच रस्त्याला वर पत्रा, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि प्लास्टिकच्या खुर्च्या अशी एक खानावळ दिसली. दारात काळा फळा होता आणि त्यावर खडूने चारच नावं लिहिली होती. किनाऱ्यावर फिरताना मी आता हीच खूण धरते. जिथे छापील यादी पाच पानी, तिथे शीतपेटी मोठी. जिथे फळा आणि खडू, तिथे रोजचं रोज पुसून लिहितात.

आईंनी फळ्याकडे पाहिलंही नाही. गल्ल्यावरच्या तरुणाला त्यांनी सरळ विचारलं, "काय रे झिला, आज काय आसा?"

"मावशे, बांगडो आसा सकाळचो, मुडदुशे आसत, मोरी आसा. सुरमय आसा, पण ती कालची. ती तुमका देवचंय नाय."

कालची आहे म्हणून देणार नाही, हे जो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो त्याच्याकडे डोळे मिटून जेवावं. आमच्या मागून आलेल्या कुटुंबाने सुरमईच मागितली. त्यांनाही त्याने तेच सांगितलं. त्यांचा थोडा हिरमोड झाला, पण शेवटी त्यांनी मुडदुशे घेतले आणि पोरांनी ते काट्यापर्यंत चाटूनपुसून खाल्ले.

आम्ही बांगड्याचं तिखलं मागवलं. स्वयंपाकघर म्हणजे मागची पडवी. आईंनी ओळख काढली आणि मला आत जाऊन बघता आलं. चुलीशी त्या तरुणाची आई होती. बांगड्याचे तीन-तीन तुकडे करून मीठ-हळद लावून ठेवलेले. भिजवलेल्या लाल मिरच्या, थोडे धणे आणि नावापुरतं ओलं खोबरं यांचं घट्ट वाटप. त्यांनी पसाभर तिरफळं, म्हणजे मसाल्याची छोटी फळं घेतली, वाळलेली, तोंड उघडलेली. आतल्या काळ्या बिया निवडून टाकल्या, कारण त्या कडू असतात. उरलेल्या टरफलांना पाट्यावर वरवंट्याचा एकच हलका ठेचा दिला. तो ठेचा पडला आणि पडवीभर लिंबाच्या सालीसारखा, पण त्याहून उग्र वास सुटला. वाटप, आमसुलं, तिरफळं आणि तुकडे एकदमच पातेल्यात घालून जेमतेम पाणी टाकलं. फोडणी नाही, कांदा नाही, लसूण नाही. एक उकळी फुटल्यावर पातेलं उचलून नुसतं हलवलं, डाव लावला नाही, नाहीतर बांगडा मोडतो. खाली उतरवल्यावर वरून चमचाभर कच्चं खोबरेल.

घाटावर मालवणी जेवण म्हटलं की लोकांना गरम मसाल्याचा लालभडक रस्सा आठवतो. तो मसाला कोंबडीचा, फार तर कुर्ल्यांचा, म्हणजे खेकड्यांचा. रोजच्या माशाला या घरांमधून इतका मसाला पडत नाही. बांगड्याला स्वतःचं तेल असतं, स्वतःचा वास असतो. तिरफळ तो वास मारत नाही, त्याला वळण लावतं. उकड्या तांदळाच्या भातावर ते तिखलं घेतलं आणि पहिल्या घासाला जीभ किंचित बधिर झाली. हा तिरफळाचा गुण. दुसऱ्या घासापासून सगळं लख्ख कळू लागलं: आंबट, तिखट, माशाची गोडी. सोलकढीचे दोन पेले झाले.

शुक्रवार : चिवल्याची रापण

आज पहाटेच जाग आली. बाहेर गारठा होता आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटला होता. चिवल्याचा किनारा अर्धगोल आहे, पाणी शांत. आम्ही पोहोचलो तेव्हा रापणीची होडी जाळं टाकून आली होती आणि दोरांची दोन्ही टोकं वाळूवर होती.

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते. लांबच लांब जाळं होडीत भरून किनाऱ्यापासून आत नेतात आणि अर्धवर्तुळात सोडत पुन्हा किनाऱ्याला येतात. मग दोन्ही टोकांना माणसांच्या दोन रांगा लागतात आणि जाळं हाताने ओढून काढतात. एका बाजूला वीस-पंचवीस जण तरी हवेत. शेवटचा माणूस दोर गुंडाळून ठेवतो आणि पळत पुढे पाण्याजवळ जाऊन पुन्हा पहिला होतो. दोन्ही रांगा ओढता ओढता एकमेकींकडे सरकत येतात. हे तास-दीड तास चालतं. इंजिन नाही, यंत्र नाही. माशांचा थवा स्वतःहून काठाला आला तरच हाती काही लागतं. जाळं काठालगतच फिरतं, त्यामुळे खोल समुद्राला धक्का लागत नाही.

रांगेत पिकलेल्या केसांची माणसं जास्त होती. मीही दोराला हात लावला. ओला काथ्या तळहाताला कचकचीत लागतो. पाण्याच्या प्रत्येक लाटेबरोबर दोर पुढे खेचला जातो आणि लाट फुटली की सगळे मिळून तो मागे घेतात. लय चुकली तर जोर फुकट जातो. माझ्या पुढच्या काकांनी मागे न बघताच सांगितलं, "लाट येवंदे, मगे ओढा."

जाळ्याचा मधला भाग उथळ पाण्यात आला तशा घारी खाली उतरू लागल्या. बायका टोपल्या घेऊन गुडघाभर पाण्यात शिरल्या. आत बांगडे होते, पण फार नाहीत. पेडवे नावाचे छोटे मासे भरपूर. काही लेपे, दोन-तीन लांब चांदीच्या पात्यासारख्या कर्ल्या, थोड्या कुर्ल्या आणि बरीच जेलीफिश, जी हाताने उचलून लांब फेकावी लागते. मग वाळूवर वाटे पडले. होडीचा आणि जाळ्याचा वाटा वेगळा, ओढणाऱ्यांचे वेगळे. ओंजळभर पेडवे माझ्याही हातात ठेवले. मी नको म्हणू लागले तर आईंनी डोळ्यांनीच गप्प केलं. दोराला हात लावला की वाटा मिळतो आणि तो नाकारायचा नसतो.

पुढच्या काकांशी नंतर बोलणं झालं. बांगड्याचा मोठा थवा काठाला येण्याआधीच बाहेर पर्ससीनच्या जाळ्यात जातो, हे त्यांचं दुखणं. पर्ससीनचं जाळं थव्याला गोल वेढा घालतं आणि खालून दोर आवळून थैलीचं तोंड बंद करतं. अख्खा थवा एका खेपेत उचलला जातो. एलईडी दिव्यांचा झोत टाकून रात्री मासा गोळा करणाऱ्या नौकांबद्दल तर ते तिडिकीने बोलत होते. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर बंधनं घातली, केंद्राने २०१७ मध्ये दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली, १९८१ चा सागरी मासेमारी कायदा २०२१ मध्ये सुधारून दंड वाढवला गेला. नियम आहेत. काकांना ते तोंडपाठ आहेत, कारण त्यांच्यासाठी मालवणचे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलेत. अंमलबजावणी समुद्रात रात्री व्हायला हवी, एवढंच त्यांचं म्हणणं.

ताटातल्या माशाचा याच्याशी थेट संबंध आहे. आपण पर्यटक येतो आणि सुरमई, पापलेट, कोळंबी या तीनच नावांवर अडून बसतो. मग खानावळवाल्याला ती तीन नावं बारा महिने ठेवावी लागतात, कुठूनही आणून, बर्फात घालून. पापलेटाला २०२३ मध्ये राज्य माशाचा दर्जा दिला तोही त्याचं प्रमाण घटलंय म्हणूनच. आणि इथे डोळ्यांसमोर रापणीतून निघालेले पेडवे आणि लेपे दुपारी खायला कुणी नाही म्हणून सुकवायला जातात. मला हे फार लागतं. काठाच्या माशाला काठावरच गिऱ्हाईक मिळालं तर रापणीच्या दोराला तरुण हात लागतील.

पेडवे घेऊन आम्ही जवळच्याच एका घरगुती खानावळीत गेलो. अंगणात माडांच्या खाली चार टेबलं, समोर पाणी. आईंनी पिशवी पुढे केली आणि ताईंनी ती हसून घेतली. इथे ही पद्धत चालते. मासा तुमचा, मसाला-तेल-मेहनत त्यांची, आणि बाकी थाळीचे पैसे. ताई आडाळ्यावर, म्हणजे विळीवर बसल्या. पेडव्याचं डोकं आणि पोट एकाच ओढीत निघत होतं. बोटभर लांबीचा मासा, पण एकही खवला राहिला नाही. आगळ (कोकमाचा दाट रस), हळद, मीठ, लाल तिखट आणि किंचित हिंग लावून ते दहा मिनिटं ठेवले, मग तांदळाचं पीठ आणि रवा यांत घोळवून बिडाच्या तव्यावर. पेडवे अगदी कुरकुरीत तळले की काट्यासकट खाता येतात. तव्यावरून थेट ताटात, ताटातून थेट तोंडात.

थाळीत त्यांच्याकडे लेप्याचं कालवण होतं. लेपो चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला, दिसायला कुणाला आवडत नाही. मांस मात्र पांढरं आणि मऊ, काटा मधोमध एकच, त्यामुळे लहान मुलांना द्यायला याच्याइतका सोपा मासा नाही. आईंना त्यांच्या लहानपणी पहिला मासा हाच भरवला होता. शेजारच्या टेबलावर पुण्याचं एक जोडपं बसलं होतं. त्यांनी आमच्या ताटाकडे बघून हे काय म्हणून विचारलं आणि लेप्यावर आले. मला मनापासून आनंद झाला.

शनिवार : किल्ला आणि कुर्ल्या

सकाळी होडीने किल्ल्यावर. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला गेला. चुन्यातला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा पाहिला, शिवराजेश्वराच्या मंदिरात बसलो. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ल्याविषयी लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलंय, त्यामुळे इथे थांबते. तटावरून दांडीचा किनारा, उभ्या होड्या आणि वाळत घातलेली जाळी मात्र फार सुंदर दिसतात, ते चुकवू नका.

दुपारी उतरल्यावर मच्छी मार्केटात फेरी मारली, घ्यायचं काही नव्हतं तरी. आईंचं म्हणणं, मार्केट बघितल्याशिवाय संध्याकाळी काय मागायचं ते कळत नाही. मासा ताजा कसा ओळखायचा याचा त्यांचा पाठ उभ्या उभ्या झाला. डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, आत गेलेले गढूळ नकोत. कल्ला उचलून बघायचा, आत लाल हवा. तपकिरी पडला की पुढे जायचं. बोटाने दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा. कुर्ली हातात घेऊन वजन बघायचं. आकाराच्या मानाने जड लागली तर भरलेली.

अमावस्या कालच झाली होती. अमावस्येच्या कुर्ल्या भरलेल्या आणि पुनवेच्या पोकळ, असं किनाऱ्यावर सगळेच मानतात. संध्याकाळी बंदराच्या त्याच खानावळीत गेलो तर फळ्यावर पहिलंच नाव कुर्ल्यांचं. इथे मात्र मसाला हवाच. भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, मालवणी मसाला. बारीक नांगे कुटून त्यांचा रस गाळून कालवणात घातलेला, त्यामुळे रस्सा दाट आणि गोडसर. मोठे नांगे फोडायला बत्ता टेबलावरच ठेवून दिला होता. कुर्ल्या खाताना बोलणं होत नाही. तासभर आम्ही दोघी मुकाट्याने नांगे फोडत, चोखत, वड्याचे तुकडे रश्शात बुडवत बसलो. बिल देताना आईंनी त्या तरुणाच्या आईला बाहेर बोलावून घेतलं आणि हात हातात घेऊन सांगितलं, "बाय, कालवण बरा झालला."

रविवार : देवबाग, कर्लीच्या काठावर

तारकर्लीच्या पुढे रस्ता अरुंद होत जातो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये माडांची पट्टी, ती म्हणजे देवबाग. टोकाला नदी समुद्राला मिळते. रविवार असल्याने पाण्यातल्या खेळांची आणि डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांची गर्दी होती.

दुपारी भूक लागली म्हणून रस्त्यावरच्या एका मोठ्या रेस्टॉरंटात शिरलो. सुरमईची थाळी घेतली. तुकडी जाड होती, मसालाही नेटका, पण मांस कोरडं आणि भुसभुशीत. बरेच दिवस बर्फात राहिलेल्या माशाचं तसंच होतं. पाणी सुटून जातं आणि धागा उरतो. वेटर मुलगा बिचारा अदबीने वागत होता, त्याला काय बोलणार. जेवण अर्धं टाकून उठलो.

संध्याकाळी पाच वाजता ओहोटी होती. अमावस्येच्या आसपास भरती-ओहोटी दोन्ही मोठ्या, म्हणून खाडीतलं पाणी लांबवर हटलं होतं आणि वाळूचे पट्टे उघडे पडले होते. बायका कमरेला जाळीची पिशवी बांधून पाण्यात उतरल्या होत्या. तिसरे, म्हणजे खायचे शिंपले, काढायचं काम बायकांचंच. त्या वाकून वाळू चाळत नाहीत, आधी पायाने शोधतात. तळपायाला कडक गोळी लागली की बोटं आत खुपसून वर काढायची. तास-दीड तासात पिशवी जड होते, तोवर पाणी पुन्हा चढायला लागतं. हिवाळ्यातल्या संध्याकाळी कमरेइतक्या पाण्यात इतका वेळ उभं राहणं म्हणजे काय, ते काठावर शाल पांघरून बसलेल्या मला दिसत होतं. बाजारात तिसऱ्यांच्या वाट्याचा भाव करताना हे आठवायला हवं.

खाडीच्या काठाला पायऱ्यांवरच मांडव घातलेली एक जागा होती. भरतीला पाणी पायरीपर्यंत येतं. तिथल्या काकू त्या बायकांकडूनच तिसरे घेतात. "काय होया?" त्यांनी विचारलं. आईंनी नुसतं पाण्याकडे बोट केलं.

तिसरे लगेच शिजवता येत नाहीत. पोटात वाळू असते. काकूंकडे सकाळच्या ओहोटीचे तिसरे खाऱ्या पाण्यात ठेवलेले होते, त्यांनी वाळू सोडली होती. त्या आडाळ्याच्या पात्यावर एकेक शिंपला टेकवून फोडू लागल्या. पातं दोन शिंपांच्या फटीत जातं, मनगटाला छोटा हिसका, शिंपला उघडतो. मांस खरवडून सगळं एकाच शिंपेत घ्यायचं आणि रिकामी शिंप टाकून द्यायची. सुटलेलं पाणी खाली वाडग्यात पडू द्यायचं, कारण खरी चव त्यात असते. ते पाणी निवळून वरचंवर घेतात आणि त्याच पाण्यात सुकं शिजतं. म्हणून मीठ घालायची घाई करायची नाही, ते पाणी आधीच खारं असतं. कांदा, वाटप, दोन आमसुलं, वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर. झाकणावर पाणी ठेवून पाच-सात मिनिटं. जास्त शिजवले तर तिसरे चिवट होतात.

शिंप उचलायची, ओठाला लावायची आणि खोबऱ्यासकट मांस ओढून घ्यायचं. तांदळाची भाकरी होती, मऊ आणि गरम. पाणी खरोखरच पायऱ्या चढत होतं. दिवे लावेपर्यंत खालच्या दोन पायऱ्या बुडाल्या होत्या आणि काकूंच्या मुलाने आमचं टेबल एक पायरी वर घेतलं. दुपारचं सगळं विसरले. इतकं साधं, इतकं नेमकं जेवण मी फार कमी वेळा जेवले आहे.

मी काकूंना विचारलं, पावसात कसं करता? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. समुद्रही खवळलेला. त्या म्हणाल्या, तेव्हा खाडीचा मासा, सुका बांगडा, गोलमा म्हणजे सुका जवळा. आणि खानावळ निम्मा वेळ बंदच. त्या दिवसांत कुणी ताजी सुरमई म्हणून वाढली तर ती कुठून आली ते आपण विचारायलाच हवं.

सोमवार : निवती

मेढ्याच्या निवतीला जायचं आधीच ठरलं होतं. रिक्षाने परुळ्यावरून गेलो. निवतीचा किल्ला लहानसा, चढ थोडका, पण वरून एका बाजूला भोगव्याचा लांबलचक किनारा आणि दुसऱ्या बाजूला निवतीचं बंदर दिसतं. आई खालीच थांबल्या, मी वर जाऊन आले. तोवर त्यांनी बंदरावर एका घरी जेवणाचं बोलून ठेवलं होतं.

सोमवार म्हणजे महादेवाचा वार. आई त्या दिवशी मासे खात नाहीत, ज्या घरी जेवायचं होतं तिथलेही खात नाहीत. पण पाहुण्यांसाठी करतात. अंगणासमोर होड्या ओढून ठेवलेल्या, एक आजोबा जाळ्याची फाटलेली घरं विणत बसलेले, कोपऱ्यात बांगडे खारवून वाळत टाकलेले. घरच्या वहिनींनी मला विचारलं, "तुमका मासे करू?" चुलीवरून काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास येत होता. मी म्हटलं, घरात जे केलंय तेच वाढा.

काळा वाटाणा रात्रभर भिजवलेला. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटप आणि तोच मालवणी मसाला, जो परवा कुर्ल्यांत होता. पण वाटाण्याचा रस्सा जास्त खोल आणि मातकट लागतो. सोबत घावणे, जाळीदार, कडेला कुरकुरीत. शेवटी कुळथाची पिठी आणि भात. समुद्रापासून वीस पावलांवर बसून मी माशाशिवाय जेवले आणि मला काहीही कमी वाटलं नाही. घरचे जे खातात तेच पाहुण्याच्या ताटात येतं, तेव्हा ते असंच लागतं. आजोबांनी जाळ्यातून मान वर न करता विचारलं, "आवाडला?" मी तिसरा घावणा घेतला.

निघताना वहिनींनी खारा बांगडा वर्तमानपत्रात, मग प्लास्टिकमध्ये, मग पुन्हा वर्तमानपत्रात बांधून दिला. कोकणकन्या रात्रीची होती, कुडाळला वेळेत पोहोचलो.

कुणाला निवतीला जाऊन जेवायचं असेल तर एक सांगते. तिथे फलक लावलेली हॉटेलं फारशी नाहीत, घरंच आहेत. आदल्या दिवशी निरोप द्या, किती जण येणार ते सांगा, आणि कुठला मासा हवा ते सांगू नका. होडी काय आणते ते सकाळी त्यांनाच ठरवू द्या.